मोठेपणी बॅले शिकताना येणारे पेटके: कुठे, केव्हा आणि कशामुळे

टाचटोक

हौसेने बॅले शिकणाऱ्या मोठ्या माणसांची एक नेहमीची तक्रार असते: तळपायात पेटका येतो, पोटरीत गोळा येतो, मांडी धरते. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. पाणी प्या, केळं खा, मॅग्नेशियम घ्या. यात वाईट काही नाही, पण बॅलेच्या क्लासमध्ये येणाऱ्या बहुतेक पेटक्यांचं मूळ तिथे नसतं. म्हणून हा धागा. पेटका नेमक्या कोणत्या स्नायूत आला, कोणता व्यायाम चालू होता आणि क्लास सुरू होऊन किती वेळ झाला होता, एवढं सांगता आलं की उपाय बराचसा सापडतो.

आधी पेटका येतो कसा ते बघू. स्नायूला आवळायला लावणारे संदेश असतात, तसे 'आता सोड' म्हणणारेही असतात. स्नायूच्या आतले स्पिंडल नावाचे संवेदक आवळण्याला जोर देतात, तर स्नायू आणि कंडरा यांच्या सांध्यावरचे गॉल्जी संवेदक ताण वाढला की त्याला आवर घालतात. स्नायू थकला की पहिल्यांचा जोर वाढतो आणि दुसऱ्यांचा आवर ढिला पडतो. त्यातून स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल, तर कंडरेवर ताणच नसतो आणि गॉल्जी संवेदक जवळजवळ गप्प राहतात. अशा वेळी आणखी आवळायला सांगितलं की स्नायू अडकतो.

आता पॉइंट केलेला, म्हणजे घोट्यापासून बोटांपर्यंत सरळ लांबवलेला पाय डोळ्यांसमोर आणा. पोटरी आणि तळपाय दोन्हीचे स्नायू शक्य तितके आखूड झालेले, आणि आपण त्यांना 'अजून, अजून' म्हणत असतो. पेटक्याला लागणारी सगळी परिस्थिती बॅले स्वतःच जुळवून देतं. धावणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात येणारा गोळा बॅले शिकणाऱ्याला दुसऱ्या तांद्यूलाच (पाय जमिनीवरून घासत लांब नेऊन पॉइंट करण्याच्या व्यायामात) येतो, तो यामुळे.

वेळेवरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो. पहिल्या १५-२० मिनिटांत, बारवरच (आधाराचा दांडा धरून करायच्या व्यायामांत) येत असेल तर अंग गार आहे, बोटं आवळली जाताहेत किंवा बूट घट्ट आहे. तासाभरानंतर, उड्यांच्या वेळी येत असेल तर स्नायूची दमछाक होते आहे. आणि क्लासच्या रात्री झोपेत येत असेल तर त्याचा विचार वेगळा करायला हवा. जाणकारांनी भर घालावी.

स्नायुवेध

चांगला विषय. पेटका आला त्या क्षणी काय करायचं ते आधी लिहितो, कारण तिथेच घाईत चुका होतात.

पोटरीत गोळा आला तर बार सोडून खाली बसा. गुडघा सरळ ठेवा, कारण वाकवला तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणलाच जात नाही. हाताने किंवा पट्ट्याने चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा आणि २० ते ३० सेकंद तसाच धरा. हिसके द्यायचे नाहीत. त्याच वेळी पायाचा पंजा स्वतःच्या ताकदीनेही वर उचलायचा प्रयत्न करा. नडगीपुढचा स्नायू कामाला लागला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला ढिलं व्हायचा संदेश आपोआप जातो. कडकपणा गेल्यावर अर्धा मिनिट थांबून हे पुन्हा एकदा करा, कारण सुटल्यासारखा वाटणारा गोळा पहिल्या दोन मिनिटांत परत यायला टपलेला असतो.

तळपायाच्या कमानीत पेटका आला तर बूट काढा. पायाचा अंगठा आणि बाकीची बोटं हाताने वरच्या बाजूला वाकवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान टाचेकडून चवड्याकडे दाबत न्या. खाली बसायला जागा नसेल तर बोटं जमिनीवर सपाट ठेवून टाच उचला आणि थोडा भार द्या, म्हणजे बोटं मुळाशी वाकतात. बूट न काढता नुसता पाय झटकत राहिल्याने काही होत नाही.

पेटका सुटल्यावर लगेच त्याच व्यायामात पूर्ण जोराने पॉइंट करू नका. तो स्नायू अजून काही वेळ चिडलेला असतो. पुढचे दोन-तीन व्यायाम ७० टक्के पॉइंटने करावेत, आणि उड्यांचा भाग असेल तर त्या दिवशी सोडून द्यावा. जोरदार गोळ्यानंतर एक-दोन दिवस तिथे ठणकणं हे सर्वसाधारण आहे.

निळीजाई

तांद्यू करताना कमानीत हमखास पेटका येतो, तोही काम करणाऱ्या पायात. बोटं आवळली जातात असं शिक्षक म्हणतात, पण बोटं न आवळता पॉइंट करायचा कसा? कुणी टप्प्याटप्प्याने लिहू शकेल का?

बार_आणि_आरसा

निळीजाई, या प्रश्नाला सविस्तर उत्तर हवंच, कारण मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त दिसते.

जमिनीवर पाय पुढे पसरून अनवाणी बसा आणि पॉइंट करून पंजाकडे वरून बघा. बोटांची मधली पेरं वर उचललेली आणि पांढरी पडलेली दिसत असतील, नखं आत वळली असतील, तर तुम्ही मूठ वळल्यासारखी बोटं वळवता आहात. त्यात बोटं वाकवणारे लांब स्नायू जास्त काम करतात आणि कमानीतले छोटे स्नायू पूर्ण आखडतात. हवं ते असं: बोटं मुळाशी खाली झुकलेली, पण पेरांत सरळ आणि लांब.

सराव तीन टप्प्यांत करा. आधी फक्त घोटा लांबवा, बोटं वरच राहू द्या, म्हणजे दमी-पॉइंटचा आकार येईल. इथे थांबून बघा, पेटक्याची चाहूल लागते का. मग चवडा लांब न्या. सगळ्यात शेवटी बोटं, आणि तीही दाबून नव्हे, समोरच्या भिंतीला टोकं लावायची आहेत अशा बेताने. परत येताना क्रम उलटा: आधी बोटं वर, मग घोटा. एकेका पायाला ६ वेळा, अगदी सावकाश. शेवटच्या टप्प्यात पेटका येत असेल तर दोन आठवडे पहिल्या दोन टप्प्यांवरच थांबा. पूर्ण पॉइंट नसलेला पण पेटका न येणारा तांद्यू हा चुकीचा तांद्यू नाही.

उभं राहून करतानाही तोच क्रम. पाय जमिनीवरून घासत जातो: आधी टाच उठते, मग चवडा उठतो, मग बोटं लांब होतात. मोठी माणसं घाईने टाचेवरून थेट बोटांवर उडी घेतात, मधला चवड्याचा टप्पा गळतो, आणि सगळा जोर बोटांवर येतो.

याच्या जोडीला कमान उचलण्याचा व्यायाम. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवा. बोटं न वळवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढून घ्या, कमान वर येईल. ५ सेकंद धरा आणि सोडा. लक्ष्य १० वेळांचं. सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या वेळीच पेटका आला तर घाबरू नका. तो स्नायू या कामाला सरावलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. मग जोर निम्मा करा, २ वेळा करून बोटं पसरा, पुन्हा २ वेळा करा. बसून १० जमले की दोन्ही पायांवर उभं राहून, आणि नंतर एका पायावर.

टाचटोक

यात एक भर. पेटका उभ्या पायात, म्हणजे भार पेलणाऱ्या पायात येत असेल तर टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, तपासा. मांडी जांघेतून जेवढी वळते त्यापेक्षा पावलं जास्त वळवली की पाऊल आतल्या बाजूला कलतं, कमान बसते, आणि तिला सावरायला अंगठ्याकडचे स्नायू पूर्ण क्लासभर धडपडत राहतात. पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर वळलेली) दमी प्लिएत, म्हणजे टाचा न उचलता गुडघे अर्धे वाकवून, थांबून दहाही बोटं उचलून बघा. बोटं उचलल्यावर तोल गेला किंवा गुडघे आत आले, तर तुम्ही जमीन बोटांनी पकडून टर्नआउट टिकवत होता. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तिन्ही ठिकाणी भार राहील इतकाच कोन घ्या, मग तो ९० अंशांचा असला तरी चालेल.

हिरवाचाफा

बुटांबद्दलही लिहा कुणीतरी. माझ्या मते निम्मे तळपायाचे पेटके तिथूनच येतात.

बार_आणि_आरसा

निम्मे म्हणणं धाडसाचं होईल, पण मुद्दा बरोबर आहे. सपाट पावलावर उभं राहिल्यावर बोटं बुटात पूर्ण सरळ आणि सपाट असायला हवीत. पॉइंट केल्यावर टाचेकडे थोडं कापड गोळा होणं चालतं, उभ्या पायात बोटं मुडपणं चालत नाही. चामडं वापरून सैल होतं, कॅनव्हास तितकं होत नाही, त्यामुळे कॅनव्हासचा बूट 'नंतर सैल होईल' या आशेवर घट्ट घेऊ नये. बुटाच्या कडेची दोरी आवळून टाचेमागची कंडरा दाबू नये. बूट निसटू नये यासाठी आडवं इलॅस्टिक असतं.

मधून तुटक तळ असलेल्या बुटात कमान छान दिसते, पण पायाला प्रतिकार कमी मिळतो. नवशिक्यांनी पहिले काही महिने अखंड तळाचा बूट वापरला तर तळपाय नेटका कामाला लागतो. काहींच्या पायाला मात्र अखंड तळ वाकवण्याच्या धडपडीतच पेटका येतो. दोन्ही घालून बघणं हाच मार्ग.

स्नायुवेध

पोटरीबद्दल. रेलेव्हेच्या (टाचा उचलून चवड्यावर येण्याच्या) मालिकेत किंवा सोते, शांजमाँ अशा छोट्या उड्यांत येणारा गोळा हा बहुतांशी ताकद कमी पडल्याचा गोळा असतो, आणि त्याला भर घालते ती न टेकणारी टाच. प्रत्येक उडीनंतर टाच जमिनीला लागली तर पोटरी क्षणभर लांब होते. टाच अधांतरी राहिली तर १६ उड्यांमध्ये तिला एकदाही सुट्टी नाही. संगीत जलद असेल आणि टाच टेकवायला वेळच मिळत नसेल, तर एकाआड एक ठोक्यावर उडी मारा. शिक्षकांना आधी सांगून ठेवलं की कुणी हरकत घेत नाही.

टाच न टेकण्याचं कारण घोट्याचा ताठपणाही असू शकतो. भिंतीसमोर एक पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकत असेल तर घोटा ठीक. त्यापेक्षाही दोन्ही पायांत मोठा फरक आहे का, याकडे लक्ष द्या.

ताकदीसाठी आठवड्यातून २-३ दिवस, क्लासच्या लगेच आधी नाही: भिंतीला बोटं टेकवून, पाय समांतर ठेवून टाचा उचला. दोन मोजत वर, तीन मोजत खाली. गुडघे सरळ ठेवून १२ वेळांचे २ संच, मग गुडघे किंचित वाकवून तेवढेच, कारण पोटरीचा आतला स्नायू त्या स्थितीत जास्त काम करतो. हे सोपं झालं की एका पायावर. एका पायावर न थांबता २५ वेळा पूर्ण उंची गाठणं हे चाचणीचं प्रचलित प्रमाण आहे. हौशी विद्यार्थ्यांना सुरुवातीला १०-१२ वरच उंची घटायला लागते, आणि तरी क्लासमध्ये त्याहून कितीतरी जास्त रेलेव्हे होतात. गोळा तिथून येतो. पुढे पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच २-३ सेंटिमीटर खाली नेत सावकाश उतरवा. लांब स्थितीतली ताकद पोटरीला या व्यायामातून मिळते.

निळीजाई

बार_आणि_आरसा, टाचटोक, खूप आभार. आतित्यूद डेरिएरला (गुडघा वाकवून पाय मागे उचलताना) मांडीच्या मागे आणि देव्हलोपेला (दुमडलेला पाय हवेत सावकाश सरळ करताना) मांडीच्या पुढे गोळा येतो, त्याचंही कारण हेच का?

स्नायुवेध

हो, दोन्हीकडे स्नायू दोन सांध्यांवरून जातात आणि दोन्ही टोकांनी आखूड होतात. आतित्यूदमध्ये पाय मागे गेलेला आणि गुडघाही वाकलेला, त्यामुळे मांडीमागचे स्नायू अगदी आखूड. तिथे पाय वर धरायचं काम नितंबाने करायला हवं. पालथं झोपून, कपाळ हातांवर ठेवून, आधी नितंब आवळा आणि मग गुडघा सरळ ठेवून पाय फक्त ५-६ सेंटिमीटर उचला. ८ वेळा. हे विनापेटका जमलं की गुडघा थोडा वाकवून. क्लासमध्ये आतित्यूदचा कोन गुडघा घट्ट मुडपून नव्हे, तर ९० अंशांहून मोकळा ठेवा.

देव्हलोपे आणि ग्राँ बातमाँमध्ये (सरळ पाय उंच फेकण्यात) उलट. जांघ वाकलेली आणि गुडघा सरळ, म्हणून मांडीपुढचा लांब स्नायू अडकतो. पाय ९० अंशांच्या वर धरायला जांघेतला खोल स्नायू लागतो. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून, मागे न रेलता, वाकलेला गुडघा नितंबाच्या पातळीच्या वर उचलून ५ सेकंद धरा. ५ वेळा. पाठ गोल होत असेल तर उंची कमी करा. तोपर्यंत देव्हलोपे ४५-६० अंशांवर ठेवलेला बरा.

मृदगंध२

पाणी आणि क्षारांना तुम्ही सगळे फारच दुय्यम ठरवताय. घामाने निथळणाऱ्या माणसाला मिठाचा फरक पडतो, हे सरसकट नाकारू नये.

स्नायुवेध

नाकारत नाही. कुणाला ते लागू आहे हे मोजून ठरवावं असं माझं म्हणणं. क्लासच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. मध्ये प्यालेलं पाणीही हिशोबात धरा. घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत १२०० ग्रॅमच्या पुढे, किंवा काळ्या कपड्यावर मिठाचे पांढरे डाग पडत असतील, तर मृदगंध२ यांचा मुद्दा तुम्हाला लागू आहे. अशांनी क्षार घातलेलं पेय घ्यावं. बाकीच्यांना क्लासच्या सुमारे ४ तास आधी दर किलो वजनामागे ५ ते ७ मिलिलिटर पाणी, आणि नंतर तहान लागेल तसं, एवढं दीड तासाच्या क्लासला पुरतं. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पिणं धोक्याचं, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता मीठ वाढवू नये.

क्षारांबद्दल एक प्रयोग बघण्यासारखा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या साहाय्याने मुद्दाम पेटका आणला होता. व्हिनेगर आणि मिठात मुरवलेल्या काकड्यांचं पाणी प्यायल्यावर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, आणि तेवढ्या वेळात रक्तातल्या क्षारांचं प्रमाण बदललेलंही नव्हतं. म्हणजे परिणाम बहुधा तोंड-घशातल्या संवेदकांमार्फत चेतासंस्थेवर झाला. केळ्यातलं पोटॅशियम रक्तात पोचेपर्यंत तर पेटका कधीच संपलेला असतो.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल: कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात वयस्कांच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, आणि व्यायामातल्या पेटक्यांवर चाचण्याच सापडल्या नाहीत. जास्त मात्रेने पोट मात्र बिघडतं. क्विनाइन पेटक्यांसाठी स्वतःहून मुळीच घेऊ नका. रक्तातल्या प्लेटलेट आणि हृदयाचे ठोके या दोन्हींवर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात.

मृदगंध२

वजनाची पद्धत पटली.

हिरवाचाफा

रात्रीच्या पेटक्यांचं काय?

टाचटोक

झोपेत पाऊल आपोआप पॉइंट होतं, आणि घट्ट खोचलेलं पांघरूण त्याला आणखी दाबतं. पायाकडचं पांघरूण सैल ठेवा. पालथं झोपत असाल तर पावलं गादीच्या कडेबाहेर राहू द्या. झोपण्याआधी पोटरी आणि मांडीमागचे स्नायू ताणा. नेदरलंड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवडे हे केल्यावर रात्रीचे पेटके कमी झाले होते. ते लोक नर्तक नव्हते, पण उपाय फुकटचा आणि निर्धोक आहे. पेटके फक्त क्लासच्याच रात्री येत असतील तर आठवड्यातून एकदाच होणारा दीड तासाचा क्लास हा पायांना एकदम बसणारा भार आहे असं समजा. मध्ये दोन दिवस घरी १५-१५ मिनिटांचा बार केला तर तो भार विभागला जातो.

स्नायुवेध

आणि कोणत्या गोष्टीला पेटका समजू नये, तेही इथेच लिहून ठेवतो. हे कृपया वरवर वाचू नका.

पोटरीत कुणीतरी मागून फटका मारल्यासारखं वाटलं, 'टक्' असा आवाज आला, ताणल्यावर दुखणं वाढलं, नंतर काळंनिळं झालं, तर स्नायू किंवा कंडरा फाटलेली असू शकते. पेटका ताणल्यावर सुटतो, फाटलेला स्नायू ताणल्यावर ओरडतो. एका पायावर टाच उचलताच येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली आणि सतत दुखणं असेल, तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे चोळायचं नाही, ताणायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, ही रक्तपुरवठ्याची तक्रार असू शकते.

घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे, पॉइंट किंवा रेलेव्हे करताना दुखत असेल आणि अंगठा वाकवताना अडकून 'कट्' होत असेल, तर तो अंगठा वाकवणाऱ्या कंडरेचा त्रास असू शकतो. नर्तकांमध्ये तो ओळखीचा आहे. त्याला पेटका समजून जोरात ताणत राहिलं की तो चिघळतो.

क्लासशी संबंध नसलेले, वारंवार किंवा हातातही येणारे पेटके असतील, किंवा मुंग्या आणि अशक्तपणा असेल, तर थायरॉइड, मधुमेह, कॅल्शियम, मूत्रपिंड यांची तपासणी करून घ्यावी. लघवी वाढवणारी औषधं आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं. औषध स्वतःहून बंद करू नये.

निळीजाई

क्लासच्या आधी १० मिनिटं मिळतात. त्यात काय करावं?

बार_आणि_आरसा

३-४ मिनिटं जोरात जागच्या जागी चाला किंवा जिना चढा-उतरा, श्वास थोडा वाढेपर्यंत. मग घोट्याची वर्तुळं, प्रत्येक बाजूला ८. समांतर पायांनी १० सावकाश टाचा उचलणं. बोटं पसरून उचलणं ५ वेळा. बारला धरून पाय पुढे-मागे सैल झुलवणं, प्रत्येकी १०. शेवटी ४ मऊ दमी प्लिए. पायमोजे आणि गरम कपडे पहिले तांद्यू होईपर्यंत काढू नका. स्प्लिटमध्ये दोन-दोन मिनिटं बसून राहणं मात्र क्लासनंतरसाठी ठेवा. एक मिनिटाहून लांबलेल्या स्थिर ताणाने स्नायूची ताकद काही काळ उतरते, आणि त्याच अवस्थेत तुम्ही रेलेव्हे करायला उभे राहता.

हिरवाचाफा

पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे शूज) नुकते सुरू केलेल्यांसाठी काही वेगळं?

बार_आणि_आरसा

रिबिनी सपाट पावलावर, गुडघा थोडा वाकवून बांधा, कारण पॉइंटमध्ये बांधलेली रिबीन प्लिएत कंडरेला करकचून आवळते. गाठ आतल्या बाजूला, घोट्याचं हाड आणि टाचेची कंडरा यांच्यामधल्या खळग्यात यावी, कंडरेवर नाही. पेटीत, म्हणजे शूजच्या कडक टोकात, बोटं वळवू नका. बोटं वळवल्याशिवाय उभंच राहता येत नसेल तर पेटी रुंद आहे आणि पाय आत घसरतोय, म्हणून तो आवळतोय. तिथे जास्तीचं पॅडिंग भरण्याऐवजी माप पुन्हा घ्यावं. सुरुवातीला बारला दोन्ही हात धरून ५ ते १० मिनिटं पुरे. पेटका आला की शूज काढून अनवाणी बोटं पसरा आणि त्या दिवशी पुढचा क्लास साध्या बुटांत करा.